व्हॅनिलाचा वेल भाव पाहून लावावा की बाग पाहून?

कोकणपट्टीतील आणि गोमंतकातील सुपारी-नारळाच्या बागांत मोकळी राहणारी जागा कोणत्या पिकाने भरून काढावी, हा बागाइतदारांपुढील जुनाच प्रश्न आहे. मिरी, जायफळ, दालचिनी व लवंग या पिकांनी तो पुष्कळ अंशी सोडविला. रत्नागिरीनजीक भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राने नारळाच्या बागेत मसाल्याची झाडे घेण्याची जी पद्धत घालून दिली, ती आज ‘लाखी बाग’ या नावाने सर्वत्र ओळखली जाते. याच पंक्तीत व्हॅनिलाला स्थान द्यावे काय, अशी पृच्छा अधूनमधून होत असते. विशेष हे की, ही पृच्छा बहुधा भाव चढल्याची वार्ता कानी आल्यानंतर होते. भाव उतरले म्हणजे व्हॅनिलाचे नावही कोणी काढीत नाही. या पिकाच्या बाबतीत जी निराशा अनेकांच्या पदरी पडली तिचे मूळ नेमके येथेच आहे. व्हॅनिला हे भावाच्या मागे धावून करावयाचे पीक नव्हे. ज्याच्यापाशी बारमाही पाण्याची सावलीची बाग आहे, घरात रोज सकाळी राबणारे हात आहेत आणि शेंगा मुरविण्याची सोय आहे, त्यानेच ते बेताने करावे. इतरांनी त्याच्या वाटेस न जाणे हेच हिताचे.

भावाचा इतिहास काय सांगतो

जगाच्या बाजारात व्हॅनिलाचा सर्वांत मोठा पुरवठा मादागास्कर या बेटावरून होतो. एकाच प्रदेशावर बाजार इतका विसंबून असल्यामुळे तेथील वाऱ्यापावसाचा परिणाम सर्व जगातील भावावर होतो. २००० सालच्या एप्रिल महिन्यात त्या बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावर, म्हणजे ऐन व्हॅनिलाच्या मुलुखात, मोठे चक्रीवादळ आले. पुढील काळात भाव चढत जाऊन २००३ साली मुरविलेल्या शेंगांचा दर किलोला सुमारे ५०० डॉलरपर्यंत पोहोचला. त्या वेळी केरळ व कर्नाटक या राज्यांत कच्च्या शेंगांनाही किलोमागे हजारो रुपये मिळू लागले. शेंगांची चोरी होऊ नये म्हणून रात्री बागेत राखण करण्याची पाळी अनेकांवर आली. ज्यांच्याकडे शेंगा नव्हत्या ते वेलाचे तुकडे विकू लागले. कर्ज काढून, मिरीचे वेल उपटून लोकांनी व्हॅनिला लावला.

व्हॅनिलाला लागवडीपासून शेंग हाती येण्यास साधारणतः ३ ते ४ वर्षे लागतात. २००३ सालचा भाव पाहून ज्यांनी वेल लावला, त्यांच्या शेंगा बाजारात येईपर्यंत जगाचा भाव ५० डॉलरच्याही खाली आला होता. कच्च्या शेंगांचा दर हजारांवरून शेकड्यांवर आणि पुढे त्याहूनही खाली घसरला. त्या लाटेत कमाई झाली ती प्रामुख्याने आधीपासून वेल असणाऱ्यांची आणि रोपे विकणाऱ्यांची. मागाहून आलेल्यांनी बागा सोडून दिल्या.

हाच खेळ पुन्हा एकदा झाला. २०१७ सालच्या मार्च महिन्यात मादागास्करवर दुसरे मोठे वादळ आले व २०१८ साली भाव ६०० डॉलरच्या आसपास गेला. पुढे तेथील सरकारने २०२० साली निर्यातीचा किमान दर २५० डॉलर ठरविला. परंतु तो टिकला नाही, २०२३ साली काढून टाकावा लागला आणि भाव पुन्हा कोसळला. जो वेल फळाला येण्यास ३ वर्षे घेतो, त्याची लागवड आजच्या भावावर ठरविणे म्हणजे गेल्या वर्षीच्या पावसावर यंदाची पेरणी करण्यासारखे आहे.

वेल मूळचा अरण्यातील

व्हॅनिलाचे वागणे कळण्यासाठी त्याचे मूळ घर कळणे अवश्य आहे. हा वेल आमरी, म्हणजे ऑर्किड, या कुळातील असून मेक्सिकोचा आग्नेय भाग व मध्य अमेरिका येथील उष्ण, दमट व घनदाट अरण्यांत तो आपोआप वाढतो. तेथे त्याला उंच झाडांचा आधार, पानांआडून येणारे गाळीव ऊन, बारमाही दमट हवा आणि पायाशी पालापाचोळ्याचा कुजलेला थर लाभतो. त्याची मुळे खोल जात नाहीत. ती या पाचोळ्याच्या थरातच पसरतात. वेलाच्या पेरांवर फुटणारी हवेतील मुळे झाडाच्या सालीला धरून राहतात.

स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात व्हॅनिलाची ओळख युरोपास करून दिली. पुढे वेलही तेथील काचगृहांत वाढला व फुलला, परंतु त्याला शेंग धरेना. याचे कारण फुलाच्या रचनेत आहे. फुलातील पुंकेसर आणि स्त्रीकेसर यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो. त्यामुळे पराग आपोआप योग्य ठिकाणी पोहोचत नाही. मूळच्या अरण्यात हे काम तेथील काही विशिष्ट जातींच्या माश्या करतात, आणि तेही थोड्याच फुलांत. वेल समुद्रापार नेला, तरी त्या माश्या मागेच राहिल्या.

बेल्जममधील शास्त्रज्ञ चार्ल्स मॉरेन यांनी १८३६ साली हाताने परागीकरण करून शेंग धरविली. परंतु शेतावर सहज करता येईल अशी युक्ती शोधली ती हिंदी महासागरातील रियुनियन बेटावरच्या एडमंड नावाच्या १२ वर्षांच्या गुलाम मुलाने, १८४१ साली. त्याच्या मालकाच्या बागेतील वेल सुमारे २० वर्षे वांझ होता. एडमंडने बारीक काडीने तो पडदा उचलला व अंगठ्याने पराग दाबून बसविला. जगातील बहुतेक सर्व व्हॅनिला आजही याच रीतीने पिकतो. त्या बेटावरील गुलामगिरी १८४८ साली संपली व एडमंडला आल्बियस हे आडनाव मिळाले. परंतु त्याच्या युक्तीवर बेटाचा व्यापार उभा राहिला असताना तो स्वतः मात्र १८८० साली दारिद्र्यात मरण पावला. ही हकिगत येथे सांगण्याचे कारण असे की, व्हॅनिलाचे सर्व उत्पन्न हाताच्या कौशल्यावर अवलंबून असते आणि हिशेब मांडताना नेमक्या त्या हातांचाच विसर पडतो.

आपल्या हवामानात काय आहे आणि काय नाही

व्हॅनिलाला २० ते ३२ अंश सेल्सिअस उष्णता व वर्षभर विभागून पडणारा १५०० ते ३००० मिलिमीटर पाऊस मानवतो. कोकणात पावसाचे मान पुरेसे, किंबहुना अधिक आहे. परंतु तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या ४ महिन्यांत पडतो. पावसाळ्यात मुळाशी पाणी साचून वेल कुजण्याची भीती, तर उन्हाळ्यात हवा तापून तो सुकण्याची भीती, अशी ही दुहेरी अडचण आहे. त्यामुळे उघड्या माळावर, जांभ्याच्या कातळावर किंवा केवळ पावसाच्या पाण्यावर हे पीक घेण्याचा विचार मनातही आणू नये. घाटावरील कोरड्या हवेच्या जिल्ह्यांत तर त्याचे नावही घ्यावयास नको.

याउलट सिंधुदुर्ग, रत्नागिरी व रायगड या जिल्ह्यांतील ओढ्याकाठच्या सुपारीच्या बागा आणि गोव्यातील कुळागरे येथे सावली, शिंपणाचे पाणी आणि दमटपणा या तिन्ही गोष्टी आयत्या असतात. अशा बागेत पाण्याचा निचरा चांगला असेल, तर व्हॅनिला दुय्यम पीक म्हणून घेता येतो. बाग आधी असावी व व्हॅनिला मागाहून यावा, हा क्रम कदापि उलटा होऊ नये.

लागवडीची रीत

वेलाला निम्मे ऊन व निम्मी सावली लागते. आधारासाठी गिरिपुष्प किंवा चाफा यांचे खुंट एक हंगाम आधी लावून ठेवावेत. पांगाराही चालतो, परंतु पाने व कोवळे शेंडे गाठाळ करणाऱ्या किडीचा उपद्रव त्याला होत असल्यामुळे त्यावर भिस्त ठेवू नये. गिरिपुष्प व पांगारा यांची पाने ऐन उन्हाळ्याच्या तोंडी, म्हणजे वेल फुलावर असतानाच, झडतात. म्हणून खरी सावली वरच्या सुपारीच्या झावळ्यांची हवी. आधाराचे झाड केवळ आधारापुरते समजावे. खुंट दीड ते दोन मीटर उंचीवर फांद्या फुटतील असे छाटावेत.

छाट कलम निरोगी वेलाचे, सुमारे १ मीटर लांबीचे असावे. फार आखूड तुकडा स्वस्त पडतो, परंतु फुलावर येण्यास अधिक काळ घेतो. बुडाकडील ३–४ पाने काढून टाकावीत, टोक १ टक्का बोर्डो मिश्रणात बुडवावे आणि कलम सावलीत आठवडाभर ठेवावे. मुसळधार पावसाचा जोर ओसरल्यावर, ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत, लागवड करावी. कलम उभे गाडू नये. बुडाकडील २–३ पेरे मातीवर आडवी ठेवून त्यांवर कुजलेला पाला व भुसभुशीत माती यांचा पातळ थर द्यावा. कापलेले टोक मातीच्या किंचित वर राहू द्यावे, म्हणजे ते कुजत नाही. वरचा भाग आधाराला सैल बांधावा. वेलाचा रस अंगास लागल्यास खाज सुटते, हे ध्यानात ठेवावे.

व्हॅनिलाचे मुख्य अन्न कुजलेला पाला हेच होय. वर्षातून २–३ वेळा पालापाचोळ्याचे खत किंवा गांडूळखत घालून वर आच्छादन करावे. मुळांजवळ कुदळ मारू नये. पाणी थोडे पण वरचेवर द्यावे. आळ्यात पाणी तुंबू देऊ नये. वेलास सर्वांत मोठी बाधा मूळकुज व खोडकुज या बुरशीच्या रोगांची होते. सर्व वेल तुकड्यांपासूनच वाढविलेले असल्यामुळे त्यांची प्रतिकारशक्ती सारखीच असते, आणि एका वेलाला जो रोग मारतो तो शेजारच्यालाही सोडीत नाही. निचरा, विरळ लागण, रोगट वेल तत्काळ काढून जाळणे आणि निंबोळी पेंडीबरोबर ट्रायकोडर्मा देणे हे उपाय रोग येण्यापूर्वीच योजावयाचे आहेत.

वेल वर चढत राहिला तर तो फुलत नाही. म्हणून तो सुमारे दीड मीटर उंचीवर फांदीवरून वळवून खाली सोडावा. या झुकलेल्या भागावर फुले येतात. फुलोऱ्यापूर्वी काही महिने, सप्टेंबर–ऑक्टोबरच्या सुमारास, शेंडा १० ते १५ सेंटिमीटर खुडावा. पावसाळा संपल्यावर काही आठवडे मुळाशी ओल बेताची ठेवावी, पण वेल पार कोरडा पडू देऊ नये.

फुलांचा हंगाम

तिसऱ्या वर्षापासून, बहुधा डिसेंबर ते मार्च या काळात, पानांच्या बेचक्यांतून हिरवट पिवळ्या फुलांचे घोस येतात. एका घोसात १५ ते २० फुले असतात व ती क्रमाने, बहुधा दिवसाला एक, उमलतात. फूल पहाटे उमलते व त्याच दिवशी कोमेजते. सकाळी ६ पासून दुपारी १ पर्यंत जे फूल हाताखालून गेले नाही ते वाया गेले असे समजावे.

डाव्या हाताने फूल धरून त्याची नळीसारखी पाकळी खाली दाबावी किंवा फाडावी, बारीक टोकदार काडीने पडदा वर उचलावा आणि अंगठ्याने पराग स्त्रीकेसरावर हलकेच टेकवावा. सरावलेले माणूस दिवसाला १००० ते १५०० फुले करू शकते. परागीकरण साधले तर फूल देठाला धरून राहते. न साधल्यास ते २–३ दिवसांत गळते. सर्वच फुलांना शेंग धरवू नये. घोसाच्या खालच्या बाजूची ८ ते १० फुले घ्यावीत, म्हणजे शेंगा सरळ वाढतात. एका वेलावर १० पेक्षा अधिक घोस ठेवल्यास शेंगा बारीक राहतात व वेल पुढल्या वर्षी थकतो.

शेंग पिकविणे व मुरविणे

शेंग दीड महिन्यात पूर्ण लांब होते, परंतु पक्व होण्यास ९ ते ११ महिने घेते. टोकाकडे पिवळी छटा आली म्हणजे ती काढावी, आणि एकेक पाहून काढावी. चोरीच्या भीतीने किंवा घाईने कोवळी शेंग काढल्यास तिला वास येत नाही. ताज्या शेंगेला मुळीच सुगंध नसतो. तो मुरविण्यानेच उत्पन्न होतो.

त्यासाठी शेंगा ६३ ते ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात सुमारे ३ मिनिटे बुडवितात, लगेच लोकरीच्या कापडात गुंडाळून लाकडी पेटीत एक-दोन दिवस ऊब देतात, पुढे आठ-पंधरा दिवस रोज २–३ तास उन्हात ठेवून गरम असतानाच पुन्हा गुंडाळतात. नंतर २–३ महिने सावलीत मंद सुकवितात आणि शेवटी तितकाच काळ बंद पेटीत मुरत ठेवतात. ५ ते ६ किलो कच्च्या शेंगांपासून १ किलो माल होतो.

येथेच बागाइतदाराच्या स्वातंत्र्याचा प्रश्न आहे. कच्ची शेंग काढल्यावर थोड्याच दिवसांत प्रक्रियेला लागली नाही तर ती तडकते किंवा तिला बुरशी येते. म्हणून कच्चा माल विकणारा शेतकरी खरेदीदार देईल तो भाव घेण्यास बांधला जातो. मुरविलेली शेंग मात्र नीट बंद करून ठेवल्यास दीर्घकाळ टिकते व मालकास भावाची वाट पाहता येते. तथापि थोड्याशा शेंगांची ऊब पेटीत टिकत नाही. यास्तव गावातील चार-सहा बागाइतदारांनी मिळून शेंगा एकत्र मुरविणे हाच व्यवहार्य मार्ग आहे. ज्या गावी ही एकी होण्याजोगी नाही, तेथे व्हॅनिला लावू नये.

हिशेब कसा मांडावा

समजा एका कुटुंबाने १०० वेल लावले. प्रत्येकी ८ घोस व घोसास ८ फुले धरल्यास ६४०० फुले होतात. प्रत्येक फुलास १५ ग्रॅमची शेंग आली, तर ९६ किलो कच्चा माल आणि त्यापासून सुमारे १६ किलो तयार माल मिळेल. परंतु हे सर्व जमून आल्यावरचे आकडे आहेत. वेल मरतात, हात चुकतात, शेंगा गळतात. शहाण्याने यांतील निम्मेच, म्हणजे ८ किलो, धरून चालावे. आणि दर धरावयाचा तो गेल्या २५ वर्षांतील चढत्या वर्षाचा नव्हे, तर पडत्या वर्षाचा. या आकड्यात खर्च भागत असेल तरच वेल लावावा.

खर्चाच्या बाजूस एक रक्कम हमखास राहून जाते. फुलांच्या हंगामात सुमारे २ महिने, रोज सकाळी, सणवार न पाहता प्रत्येक वेलाजवळ जावे लागते. हे काम बहुतेक घरांत बायामाणसांच्या वाट्यास येते आणि ‘घरचेच माणूस’ म्हणून त्याची मजुरी मांडली जात नाही. पाणी भरणे, स्वयंपाक, गुरे यांतून काढलेली ती सकाळ फुकटची नसते. चालू मजुरीच्या दराने ती हिशेबात धरावी, व उत्पन्न आल्यावर ज्या हातांनी ते मिळविले त्यांच्या नावे जमाही करावी. ही मजुरी धरल्यावर जे पीक तोट्यात दिसते ते मुळातच तोट्याचे असते.

दोन आक्षेप

व्हॅनिलाने शेतकऱ्यास फसविले, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. वेलाने कोणास फसविले नाही. तो लावल्यापासून तिसऱ्या वर्षी फुलतो आणि हातांनी सेवा केल्यास फळतो, हे त्याने कधी लपविले नव्हते. फसविले ते एकाच वर्षाचा भाव कायमचा मानणाऱ्या हिशेबाने.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. व्हॅनिलाचा मुख्य सुगंधी घटक व्हॅनिलिन १८७४ सालापासूनच कृत्रिम रीतीने करता येऊ लागला आणि आज खाद्यपदार्थांतील व्हॅनिलाचा वास फार मोठ्या प्रमाणात कृत्रिमच असतो. नैसर्गिक शेंग महागली की मोठे गिऱ्हाईक त्याकडे वळते. हे खरे आहे, आणि म्हणूनच या पिकाचा विस्तार मर्यादित राहणार हे ओळखून असावे. परंतु नैसर्गिक शेंगेच्या स्वादात व्हॅनिलिनशिवाय इतर अनेक घटक असतात व तिला मागणी करणारा चोखंदळ ग्राहक राहतोच. तो ग्राहक थोडा आहे. मालही थोडा व उत्तम असावा.

तात्पर्य, ज्यांच्या सुपारीच्या बागेत पाणी, सावली व निचरा आहे, त्यांनी प्रथम २५ ते ३० वेल लावून फुले करण्याचा हात बसवावा. ३ हंगाम पाहावेत, शेजाऱ्यांसह शेंगा मुरवून पाहाव्यात, आणि मगच शंभरीकडे वळावे. त्यासाठी कर्ज काढू नये, आणि मिरीचा एकही वेल उपटू नये. पुढे भाव चढल्याची वार्ता आली, तर तिचा लाभ आधीपासून वेल राखलेल्यांस होईल. आणि भाव उतरल्याची आली, तरी सुपारी, नारळ व मिरी यांवर त्यांचे घर चालतच राहील.